धागा: सात मजली दीपस्तंभ, २८० वाती आणि शेजाऱ्याकडे बघून पेटायचा नियम

दिवज

डिसेंबरात पणजीत नदीकाठच्या एका अंगणात उभं करायच्या प्रकाशशिल्पाचा आराखडा इथे मांडतेय. चुका काढा, कारण प्लाय कापल्यावर काढलेल्या चुका महाग पडतात.

रचना मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावरून सुचलेली आहे. अष्टकोनी मनोरा, सात मजले, मजल्याला आठ कोनाडे, म्हणजे ५६ कोनाडे. दिवजाला (गोव्यातला मातीचा दिवा) पाच वाती असतात तशा प्रत्येक कोनाड्यात पाच पिक्सेल, म्हणजे एकेकटे पेटवता-विझवता येणारे एलईडी दिवे. एकूण २८० वाती. उंची चौथऱ्यासकट ३.२ मीटर: चौथरा ४० सेंमी, मजला ४० सेंमीचा. तळाशी समोरासमोरच्या बाजूंत ९० सेंमी अंतर, म्हणजे एक बाजू साधारण ३७ सेंमी. सर्वांत वर हेच अंतर ५५ सेंमी, बाजू २३ सेंमी. सांगाडा २५ मिमी चौकोनी एमएस पाइपचा, वरून ६ मिमी प्लाय.

पिक्सेल १२ मिमीचे बुलेट प्रकारचे, डब्ल्यूएस२८११ चिपचे, ५ व्होल्टचे, ५० च्या माळेत येतात ते. दोन पिक्सेलमध्ये १० सेंमी वायर असते. पाच वाती, मग वायर तोडून लांब वायरचा डाग (सोल्डरचा सांधा), पुन्हा पाच वाती, असं मजल्याभर करायचं म्हटलं तर सात मजल्यांत शेकड्यांनी डाग द्यावे लागतील. म्हणून कापायचंच नाही असं ठरवलं. एका मजल्याला एक अख्खी माळ. कोनाड्यात पाच पिक्सेल, सहावा भिंतीमागे कायम बंद. त्या बंद पिक्सेलमुळे एका कोनाड्यातून दुसऱ्यात जायला २० सेंमी वायर मिळते. तळाला कोनाडा २० सेंमी रुंद धरला तर मधली भिंत १७ सेंमी, आरामात पोचते. वर जाताना कोनाडा १४ सेंमीपर्यंत लहान होतो, तिथे वायरची ढील मागे गुंडाळायची.

प्रोग्रामसाठी हिशेब सोपा राहतो. मजला ० ते ६, कोनाडा ० ते ७, वात ० ते ४ असे मोजले तर:

पिक्सेल क्रमांक = मजला × ५० + कोनाडा × ६ + वात

मजल्यातली शेवटची वात ४६ वर संपते. ४७, ४८, ४९ हे तीन बंद पिक्सेल आणि माळेच्या टोकाची कनेक्टरची वायर मिळून वरच्या मजल्यावर चढायला पुरतात. अष्टकोन बंद असल्यामुळे नागमोडी जोडणीही लागत नाही, सगळे मजले एकाच दिशेने फिरतात. एखादी माळ गेली तर कनेक्टर काढून तेवढा मजला बदलायचा.

पॅटर्नचा विचार असा: प्रत्येक कोनाडा खालच्या मजल्यावरच्या आपल्या डाव्या-उजव्या कोनाड्यांकडे बघतो. दोघांतला नेमका एकच पेटलेला असेल तर हा पेटतो, नाही तर विझलेला राहतो. तळमजल्याला एक कोनाडा पेटवून द्यायचा, बाकी नियम वर चढत जाईल. वीज ५ व्होल्ट २० अँपिअरच्या एका एसएमपीएसवरून (२३० व्होल्टची वीज ५ व्होल्टवर आणणारा डबा). बोला.

शून्य_एक

सहा-सहाच्या हिशेबाची माळ फार आवडली. पण तुमचा नियम या मनोऱ्यावर चालणार नाही, आणि त्याचं कारण तुमचे आठ कोनाडे आहे.

हा नियम सेल्युलर ऑटोमॅटाच्या, म्हणजे शेजाऱ्यांकडे बघून बदलणाऱ्या घरांच्या नियमांच्या, यादीत ९० क्रमांकाचा. सरळ, लांब रांगेत तो त्रिकोणात त्रिकोण अशी सुंदर जाळी विणतो. पण रांग वळून स्वतःला मिळाली आणि तिची लांबी २, ४, ८, १६ अशी असली, की तो स्वतःलाच खोडून टाकतो. कागदावर करून बघा. तळाला फक्त ० क्रमांकाचा कोनाडा पेटवा:

पहिला मजला: ०
दुसरा: १, ७
तिसरा: २, ६ (० कडे दोन्ही बाजूंनी उजेड येतो, म्हणून तो विझतो)
चौथा: १, ३, ५, ७
पाचवा: काहीच नाही

चौथ्या मजल्यावर एकाआड एक पेटले, की पाचव्यावर प्रत्येकाला एक तर दोन्ही शेजारी पेटलेले मिळतात किंवा एकही नाही. तळाला कुठलीही सुरुवात करा, आठच्या वर्तुळात पाचव्या मजल्यापर्यंत सगळं विझतंच. वरचे तीन मजले कायम काळे राहतील, आणि दोष वायरिंगमध्ये आहे असं समजून कोणी तरी रात्रभर कनेक्टर तपासत बसेल.

उपाय एका शब्दाचा: शेजाऱ्यांबरोबर मधल्यालाही मोजा. खालच्या मजल्यावरचे डावा, मधला, उजवा या तिघांत पेटलेल्यांची संख्या विषम, म्हणजे १ किंवा ३, असेल तर पेटायचं. हा १५० क्रमांकाचा नियम. तीच सुरुवात घेऊन:

पहिला: ०
दुसरा: ७, ०, १
तिसरा: ०, २, ६
चौथा: ०, २, ३, ५, ६
पाचवा: पुन्हा फक्त ०

म्हणजे १, ३, ३, ५, १, ३, ३ असे पेटलेले कोनाडे सात मजल्यांवर दिसतील. आठच्या वर्तुळात हा नियम चार पायऱ्यांनी नेमका मूळ जागी येतो, त्यामुळे तळात एक जरी पेटलेला असेल तरी कुठलाच मजला पूर्ण काळा पडत नाही. तळ मात्र दर थोड्या वेळाने बदलायला हवा, नाही तर चित्र गोठून बसेल. दर ८ सेकंदांनी तळाचा एक कोनाडा उलटा करा, पेटलेला असेल तर विझवा, विझलेला असेल तर पेटवा. आणि तो बदल वर एक-एक मजला चढू द्या.

दिवज

कागदावर केलं, अगदी असंच येतंय. १५० घेते. तळातला एकच पेटलेला कोनाडा उलटा झाला तर मात्र सगळा मनोराच विझेल, तेव्हा 'शेवटचा पेटलेला विझवायचा नाही' ही अट घालते.

वायरमन_फोंडा

विजेचं बघू.

एक पिक्सेल पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअर धरा. २८० वाती × ६० = १६.८ अँपिअर. मजल्याला ४० वाती, म्हणजे २.४ अँपिअर. एसएमपीएस २० चा आहे, कागदावर बसतो, पण पूर्ण पांढरं कधीच लावू नका. तुम्हाला वातीचा रंग हवाय. लाल २५५, हिरवा १०१, निळा ३९ इथून सुरुवात करा. वातीच्या पिवळट उजेडाचे आकडे एलईडीच्या जास्त तेज हिरव्यासाठी कमी केले की साधारण हेच उरतात. या रंगाला पिक्सेलमागे ३१ मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, म्हणजे सगळा मनोरा एकदम पेटला तरी ८.७ अँपिअर. प्रोग्राममध्ये १० अँपिअरची मर्यादा घाला. एसएमपीएस अर्ध्या लोडवर थंड राहतो आणि पंखा लागत नाही. खाऱ्या हवेत पंखा नकोच, तो मीठ आत ओढतो.

बंद पिक्सेल बंद दिसला तरी त्याची चिप जागी असते. प्रत्येकी १ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे ३५० पिक्सेल पूर्ण काळे असतानाही पाव ते अर्धा अँपिअर जाणारच. मीटरवर तेवढं दिसलं तर गळती शोधत बसू नका.

आता मुख्य गोष्ट. सातही माळा टोकाला टोक जोडून खालून एकाच जागी वीज दिली तर ३५ मीटर बारीक वायर होते. गणित केलं तर व्होल्टेज ड्रॉप पाच व्होल्टच्याही वर येतो, म्हणजे दोन-तीन मजल्यांपलीकडे उजेड जाणारच नाही. आधी निळा मरतो, मग हिरवा, शेवटी लालसर धूसर उरतं. म्हणून प्रत्येक मजल्याला चौथऱ्यातून स्वतंत्र जोडी. १.५ चौ. मिमीची तांब्याची वायर, सर्वांत वरच्या मजल्याला ४ मीटर, जाऊन-येऊन ८. रोध ०.०९३ ओहम, २.४ अँपिअरला ड्रॉप ०.२२ व्होल्ट. चालतं.

प्रत्येक जोडीच्या प्लसवर एसएमपीएसजवळ ३ अँपिअरचा फ्यूज. आणि दोन माळांमधल्या कनेक्टरवर प्लसची वायर कापून टाका. फक्त मायनस आणि डेटा पुढे जाऊ द्या. ती नाही कापली तर एका मजल्याचा फ्यूज उडाला तरी तो मजला शेजारच्या माळेतून वीज खेचत राहतो, फ्यूज असून नसल्यासारखा.

२३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), ६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग. सांगाडा लोखंडाचा आहे आणि लोक हात लावणारच. यात सूट नाही. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबून बघा.

कांपालकर

१२ व्होल्टचे पिक्सेल का नाहीत? ड्रॉपची कटकटच संपेल.

वायरमन_फोंडा

कांपालकर बाब, साध्या १२ व्होल्टच्या बुलेट पिक्सेलमध्ये करंट तेवढाच जातो आणि जास्तीचे व्होल्ट आतल्या रोधकात उष्णता होऊन जळतात. तोच उजेड, वीज २.४ पट. झाडाझाडांवरून ३०-४० मीटर ओढायचं असेल तर १२ घ्यावे. इथे सगळं ४ मीटरच्या आत आहे.

खारा_वारा

वीज आणि नियम झाले, आता पाणी. पाऊस नसला तरी डिसेंबरात नदीकाठी पहाटे दंव पडतं, आणि त्यात मीठ असतं. माळेतले बुलेट राळेत बंद असतात, ते टिकतात. मरतात ते सांधे.

मिठाच्या ओलाव्यात डीसी वीज असली की प्लसचं तांबं विरघळत जातं. हिरवी पूड दिसायला लागली म्हणजे आत बरंच गेलेलं असतं. वायर शक्य तिथे कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. ओलावा वायरच्या प्लॅस्टिकखालून तंतूंमधून वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसाच. त्यामुळे उघडं टोक सीलबंद करायला बाहेरून टेप गुंडाळून भागत नाही. आत गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब वापरा, तापवल्यावर तिच्या दोन्ही तोंडांतून गोंदाची कडा बाहेर आलेली दिसली पाहिजे.

सिलिकॉन लावाल तेव्हा एक चूक हमखास होते. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि झाकलेल्या डब्यात तेच तांबं खातं. ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं बघूनच घ्या.

कंट्रोलरचा (पिक्सेलना आज्ञा देणारं सर्किट) डबा आयपी६५, म्हणजे धूळ-पाणी अडवणारा, सगळे ग्लँड (वायर आत घेणारी घट्ट तोंडं) डब्याच्या तळाशी, आणि प्रत्येक वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर येऊ दे, म्हणजे ओघळ झोक्याच्या तळाशी गळून पडतो. वरच्या बाजूने एकही भोक नको. जे ग्लँड रिकामे उरतील त्यांना बूच लावा, नाही तर दोन रात्रींत मुंग्या वस्ती करतात. कनेक्टर चौथऱ्यातल्या जमिनीवर पडू देऊ नका. फरशी धुतली की पाणी तिथेच साचतं.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन. एमडीएफ अजिबात नको, त्याच्या कडा फुगतात आणि कोनाड्याची चौकट वाकडी होते. कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमर, आतल्या बाजूलाही.

शिंपलीची_खिडकी

वात कशी दिसेल याचा विचार अजून झालेला नाही, तो करू या. बुलेट पिक्सेल समोरून दिसला तर डोळ्यात टोचतो आणि पाच वाती म्हणजे पाच ठिपके दिसतात. पिक्सेल उलटे बसवा. कोनाड्याच्या पुढच्या कडेमागे दोन इंचांची पट्टी ठेवा, तिच्या आतल्या बाजूला पिक्सेल, तोंड मागच्या भिंतीकडे. भिंत चुन्यासारखी पांढरी आणि बिनचकाकीची रंगवा. मग बघणाऱ्याला बल्ब दिसत नाही, भिंतीवर पसरलेला उजेड दिसतो. पिक्सेल ४.५ सेंमीवर आहेत, तर मागची भिंत निदान तेवढी, शक्यतो ८-१० सेंमी दूर हवी. यापेक्षा जवळ असेल तर पाच वेगळे डाग पडतात. बाहेरून जांभ्याचा रंग देणार असाल तर तो कोनाड्यात शिरू देऊ नका, लालसर खडबडीत पृष्ठ अर्धा उजेड गिळून टाकतं.

जुन्या घरांच्या खिडक्यांतल्या शिंपल्यांसारखा पडदा हवा असेल तर ३ मिमी ओपल अ‍ॅक्रिलिक घ्या. शिंपल्याच सुंदर दिसतील, पण हे कालव वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहे, नवी शिंपली गोळा करायची नाही.

आणखी एक. मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींचा झगमगाट पाठीमागे येत असेल तर मनोऱ्याची मंद बाजू तिथे पुसली जाते. जागेवर संध्याकाळी सातला एक माळ नेऊन बघा, मगच तोंड कुठे करायचं ते ठरवा. शिल्पाच्या मागे झाड किंवा अंधारी भिंत आली तर निम्म्या तेजातही काम होतं.

दिवज

ताई, उलटे पिक्सेल हे डोक्यातच आलं नव्हतं. पट्टी आराखड्यात घालते.

आता वेगाबद्दल विचारायचंय. कोनाडा पेटायला किती वेळ द्यावा? आणि रंग फिरवावेत का? दोघांचं म्हणणं आहे की नुसत्या वातीच्या रंगाला लोक थांबणार नाहीत.

शून्य_एक

रंग फिरवू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ साली लिओ व्हिलारेआल यांनी 'द बे लाइट्स' उभं केलं, त्यात २५,००० एलईडी होते आणि सगळे पांढरे. बदलत होतं ते फक्त तेज. रंग काढून घेतला की डोळा हालचालीकडे जातो, आणि तुमचा सगळा जीव हालचालीच्या नियमात आहे. रंगचक्र लावलं की तो नियम कुणालाच दिसणार नाही, मनोरा लग्नाच्या रोषणाईसारखा दिसेल.

वेग: कोनाडा पेटायला ३ सेकंद, विझायला ५. विझणं सावकाश असलं की डोळ्यात मागची आकृती रेंगाळते आणि नवी तिच्यावर चढताना दिसते. बदल एका मजल्यावरून वरच्यावर जायला १ सेकंद. तळ ८ सेकंदांनी बदलतो, वर पोचायला ६ लागतात, मग दोन सेकंद कुठलाही नवा बदल सुरू होत नाही. ते दोन सेकंद कापू नका, लोक तेवढ्यातच नियम ओळखतात.

गॅमा, म्हणजे डोळ्याला जुळेल अशी तेजाची दुरुस्ती, लावा. डोळ्याला तेज सरळ प्रमाणात दिसत नाही. १२८ म्हणजे निम्मं नव्हे, बरंच जास्त दिसतं. २.२ चा गॅमा घेतला तर १२८ च्या जागी ५६ पाठवायचे. पण याचा तोटा खालच्या टोकाला होतो: २० च्या खालचं सगळं १ किंवा ० होतं आणि विझताना शेवटी पायऱ्या दिसतात, वात 'टक टक' करत मरते. त्यातच निळा आधी शून्य होतो, मग हिरवा, आणि शेवटी नुसता लाल उरतो. विझत्या वातीला तो लाल शोभतो, पायऱ्या शोभत नाहीत. उपाय: कोनाड्यातल्या पाच वातींचं विझणं प्रत्येकी पाव सेकंद पुढे-मागे करा. मागच्या भिंतीवर पाचही उजेड मिसळतात, त्यामुळे एका वातीची उडी बाकीच्या चार झाकून टाकतात.

वातीची थरथर हवी असेल तर प्रत्येक फ्रेमला नवा यादृच्छिक आकडा देऊ नका, ती खराब ट्यूबलाइट दिसते. दर १०० ते २०० मिलिसेकंदांनी एक नवं लक्ष्य निवडा आणि तेज हळूहळू तिकडे सरकवा. चढउतार १५ टक्क्यांच्या आत.

डेटाचा वेग पुरेसा आहे. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, ३५० ला १०.५ मिलिसेकंद. सेकंदाला ५० फ्रेम आरामात.

खारा_वारा

थरथरीबद्दल +१.

कंट्रोलर कोणता? ईएसपी३२ (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) असेल तर त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, आणि ५ व्होल्टवरच्या चिपला साधारण ३.५ लागतात. टेबलावर चालतं, जागेवर थंडी-ओल पडली की पहिला मजला अचानक निळा-हिरवा चमकतो. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारी चिप घाला, नावात 'टी' असलेलीच. नुसत्या एचसी मालिकेची चिप ३.३ ला 'हाय' मानेलच याची खात्री नाही. डेटावर ४७० ओहमचा रोधक, आणि पहिल्या माळेच्या तोंडाशी प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कंट्रोलर आणि माळांचा मायनस एकच हवा.

पहिल्या दिवशी नुसत्या माळा तपासायला कंट्रोलरमध्ये डब्ल्यूएलईडी हा तयार प्रोग्राम टाका, फोनवरून रंग देता येतो. त्यात करंटची मर्यादा मुळात ८५० मिलिअँपिअरवर असते, ती वाढवल्याशिवाय सगळं मिणमिणतं दिसेल आणि उगाच एसएमपीएसवर शंका येईल. नियमासाठी मग स्वतःचा प्रोग्राम.

कांपालकर

जागेवर बिघाड झाला तर शोधायचा कुठून?

वायरमन_फोंडा

डोळ्याला काय दिसतं त्यावरून.

वातीचा रंग हिरवट दिसतोय: लाल-हिरव्याचा क्रम उलटा आहे. बुलेट बहुधा लाल-हिरवा-निळा या क्रमाचे असतात, पट्ट्या हिरवा-लाल-निळा. प्रोग्राममध्ये बदला.

एका पिक्सेलपासून पुढचं सगळं बंद किंवा गोठलेलं: शेवटचा चालणारा किंवा पहिला न चालणारा, दोघांतला एक गेला. कोणता, हे बाहेरून कळत नाही, दोन्ही बदला किंवा माळच बदला. तुमच्या हिशेबात ४७ ते ४९ आणि दर सहावा मुद्दाम काळा आहे, म्हणून तपासणीसाठी सगळे ३५० पेटवणारा वेगळा मोड ठेवा, नाही तर मेलेला पिक्सेल आणि लपवलेला पिक्सेल यांत फरक कळणार नाही.

एकच मजला काळा, आणि त्याच्या वरचेही गोंधळलेले: त्या मजल्याचा फ्यूज बघा. वीज गेलेली माळ डेटा पुढे ढकलत नाही.

सगळं एकदम लुकलुकतंय: मायनसचा लग ढिला.

वीज चालू असताना डेटाचा कनेक्टर काढू-घालू नका. मायनस आधी टेकला नाही तर पहिल्या पिक्सेलची चिप जाते. दोन अख्ख्या माळा जादा ठेवा.

दिवज

शेवटचा प्रश्न. कोनाड्यातल्या पट्टीवर बुलेट ग्लू गनने चिकटवू का?

खारा_वारा

नको. दुपारच्या उन्हात लोखंडी मनोऱ्याच्या आत गोंद मऊ होतो आणि पिक्सेल लोंबतात. पट्टीत १२ मिमीची भोकं पाडा, बुलेटच्या गळ्याला खाच असते ती भोकात दाबून बसते. भोक १२.५ झालं तर ढिलं पडतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर ड्रिल करून बघा. पिक्सेल मागून घाला, म्हणजे बदलताना पट्टी काढावी लागत नाही. मागे थोडं न्यूट्रल सिलिकॉन लावलंत तर चोवीस तास हलवू नका, दमट हवेत वरून सुकल्यासारखं दिसलं तरी आत ओलंच असतं.